पायात काय आहे ते लिफ्टमध्ये कळतं

कोलांटी
काल माझी जी फजिती झाली ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये आणि घरी सांगितलं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल, म्हणून इथे.

मी ऑफिसला दोन वेगळ्या बेलीज घालून गेले. डाव्या पायात काळी, उजव्या पायात नेव्ही ब्लू. नुसता रंगाचा फरक असता तर एक वेळ खपलं असतं, पण काळीवर बारीकसं बक्कल आहे आणि निळीवर चांगला मोठा बो. सकाळी नवरा नाइट शिफ्ट करून नुकताच झोपलेला म्हणून पॅसेजमधला दिवा लावला नाही, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, पलीकडून बॉस विचारतोय की अकराच्या प्रेझेंटेशनमधली चौदावी स्लाइड ठेवायची की उडवायची, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात किल्ल्या, आणि पाय आपले आपणच शू रॅकपाशी जे सापडलं त्यात शिरले. मी खाली बघितलंसुद्धा नसणार.

कळलं कधी, तर दहा वाजता कॉन्फरन्स रूमच्या लख्ख ट्यूबलाइटखाली पायावर पाय टाकून बसले तेव्हा. वरच्या पायावर बो, खालच्या पायात बक्कल. असा घाम फुटला म्हणून सांगू! घरी जाऊन यायला वेळ नाही. प्रेझेंटेशन टेबलामागे उभं राहून उरकलं, एका स्लाइडला पुढे जाऊन बोट ठेवून दाखवायचं होतं ते "वरून तिसरी ओळ बघा" करून भागवलं. नंतर दिवसभर पाय खुर्चीखाली. पाणी प्यायलासुद्धा उठले नाही.

तुमच्याकडेही असे किस्से असतील ना? असतीलच. असू देत प्लीज.

धांदरट_नंबर_एक
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! आणि घरी अगदी असाच दुसरा जोड पण आहे ना?

टाचणी
हा विनोद येणारच होता. पहिल्याच प्रतिसादात येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

निवांत_गोगलगाय
कोलांटी, तुमचं तरी दोन्ही बाहेर घालायचं होतं. माझं ऐका.

नवीन नोकरीचा पहिला आठवडा, एका मोठ्या क्लायंटकडे जायचं होतं. सूट शिवून घेतलेला, टाय, केस चापूनचोपून, बायकोने खांद्यावरचा धागासुद्धा काढला. निघालो. गाडीत बसून क्लच दाबला आणि पाय सटकला. पुन्हा दाबला, पुन्हा सटकला. मला वाटलं क्लचच्या पेडलचं रबर झिजलंय, सर्व्हिसिंगला टाकली पाहिजे. तेवढाच विचार करून पोचलो. तिथल्या गुळगुळीत फरशीवर चालायला लागलो तर आवाज येतोय पच् पच् पच्. रिसेप्शनवाली खाली बघतेय म्हणून मीही बघितलं. बाथरूमची स्लीपर. आकाशी निळी, रबरी, आणि अर्थातच ओली.

सूटच्या खाली.

गंमत म्हणजे त्या क्षणी मला लाज नाही वाटली, आधी वाटलं की चला, म्हणजे क्लच ठीक आहे.

चटकचांदणी
"चला म्हणजे क्लच ठीक आहे" वाचून मी फिस्सकन हसले आणि शेजारची बाई बघायला लागली. पुढे काय झालं मीटिंगचं?

निवांत_गोगलगाय
पायाला लागलंय म्हणून सांगितलं आणि थोडं लंगडलो. चूक तिथे झाली, कारण त्यांनी फार आपुलकीने चौकशी केली आणि मग पुढचे तीन महिने दर वेळी "पाय कसा आहे" विचारायचे. एकदा तर मी कुठल्या पायाने लंगडलो होतो तेच आठवेना.

रातकिडा
दिवा न लावणं हे तुमच्या केसमध्ये खरं कारण. डोळ्यात रंग ओळखतात त्या शंकूपेशी, त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधुक उजेडात काम चालतं दंडपेशींवर आणि त्यांना रंग कळत नाही, फक्त उजळ की गडद एवढंच. म्हणजे पॅसेजमध्ये तुमच्या डोळ्यांच्या लेखी काळी आणि नेव्ही ब्लू बेली खरोखरच एका रंगाची होती. तपकिरी आणि काळ्या बुटांचं पण असंच. त्यामुळे रंगाबद्दल स्वतःला माफ करा. बोबद्दल मात्र काही करता येत नाही.

कोलांटी
@रातकिडा, हे नवऱ्याला वाचून दाखवणार होते, पण मग सगळंच सांगावं लागेल.

अडगळ
माझं रंगाचं नाही, उंचीचं झालं होतं. दोन काळ्या सँडल, पट्टे जवळजवळ सारखेच, एकीची टाच इंचभर आणि दुसरीची त्याच्या दुप्पट. तुम्ही म्हणाल चालताना कळत कसं नाही, तर कळत होतं ना! मला दिवसभर कळत होतं की काहीतरी बिघडलंय, फक्त मला वाटत होतं मी बिघडलेय. सकाळी वाटलं गुडघा धरला, दुपारी वाटलं कंबर गेली, चार वाजेपर्यंत मी मनातल्या मनात सगळी दुखणी, एमआरआय, रजा किती शिल्लक आहेत इथपर्यंत पोचले होते. मैत्रिणीला म्हटलं अगं बघ ना मी वाकडी चालतेय का. ती मागून चालत आली आणि म्हणाली, तू वाकडी नाहीयेस, तू उतारावर आहेस.

घरी येऊन काढल्या तर गुडघा, कंबर सगळं एका मिनिटात बरं.

खटपट्या
या सगळ्या कटकटीवर मी कायमचा उपाय शोधला होता. इंजिनिअरी डोकं. म्हटलं घोळ होतो कारण जोड वेगवेगळे असतात, तर एकाच छापाचे, एकाच मापाचे, एकाच रंगाचे दोन जोड घ्यायचे. कुठलाही उचला, मॅचिंगच. सहा महिने झकास चाललं आणि मग एके दिवशी मी दोन डावे घालून निघालो.

आणि लगेच परत नाही आलो हे कबूल करतो. वाटलं उजव्या पायाला सूज आलीये. नाडी सैल केली. मग आणखी सैल केली. शेवटी नाडी काढूनच खिशात टाकली आणि तसाच फटक फटक करत चाललो. घरी आल्यावर रॅकमध्ये दोन उजवे शेजारी शेजारी बसलेले दिसले तेव्हा ट्यूब पेटली.

पायपीट
@खटपट्या, तुम्ही दोनशे-अडीचशे वर्षं उशिरा जन्मलात. युरोपात साधारण १६०० पासून पुढची दोनेक शतकं बूट सरळच असायचे, डावा-उजवा असा भेदच बहुतेक बुटांत नव्हता, दोन्ही एकाच साच्यावर बेतायचे. टाचा आल्या आणि टाचेच्या बुटासाठी डाव्या-उजव्याचे वेगवेगळे लाकडी साचे करणं कटकटीचं आणि महागाचं पडायला लागलं म्हणून. घालून घालून तो बूट ज्याच्या त्याच्या पायाचा आकार घ्यायचा. डाव्या-उजव्याची पद्धत परत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी तुमची आयडिया शंभर टक्के चालली असती.

(बुटांच्या धंद्यात आयुष्य गेलं आमचं, म्हणून माहीत. बाकी आमच्याही घरचे लोक उलटे बूट घालून जातात.)

खटपट्या
बघा, म्हणजे आयडिया बरोबर होती, काळ चुकला. बायकोला कळवतो.

ढब्बू
उलट्या बुटांवरून, लेकाला रोज सांगून थकले होते की डावा उजव्यात घालू नकोस. मग एक युक्ती मिळाली. एका चित्राचं स्टिकर मधोमध कापायचं, अर्धं डाव्या बुटाच्या आतल्या तळाला आणि अर्धं उजव्याच्या, बूट बरोबर ठेवले की चित्र जुळतं. दोन दिवसांत शिकला. माझ्या नवऱ्यासाठी पण लावू का विचार करतेय, वय वर्षं एकेचाळीस.

रच्याकने (बाय द वे), त्याच लेकाने एकदा माझ्या बुटाच्या पुढच्या टोकात त्याची छोटी गाडी पार्क केली होती. अख्खा दिवस मला वाटत होतं मोजा गोळा झालाय. पायाची बोटं दुमडून चालले पण बूट काढून बघायचा आळस. आपण किती सहन करतो पण वाकत नाही!

मास्तर_निवृत्त
मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

तुम्ही सगळे याला वेंधळेपणा म्हणताय, पण यावर चांगलं गंभीर काम झालेलं आहे. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात साध्या माणसांना रोजच्या बारीकसारीक चुकांच्या डायऱ्या लिहायला लावल्या होत्या. त्यातून दिसलं ते असं, की अशा चुका नवीन कामात क्वचित होतात. नवीन कामात आपण डोळ्यात तेल घालून असतो. चुका होतात त्या हात बसलेल्या कामात, ओळखीच्या जागी, आणि डोकं दुसऱ्याच कशात तरी गुंतलेलं असताना. कोलांटीताईंच्या किश्श्यात तिन्ही गोष्टी आहेत: रोजचा शू रॅक, रोजची वेळ, आणि चौदावी स्लाइड. त्यात शेजारी शेजारी दोन सारख्या वस्तू म्हणजे सोन्याहून पिवळं. पुढे या रीझनसाहेबांनी हाच विचार विमान अपघात, अणुभट्ट्या, हॉस्पिटलातल्या चुका यांना लावला. म्हणजे तुमच्या बेलीज आणि मोठमोठे अपघात यांचं मूळ एका ठिकाणी आहे असं समजा.

विल्यम जेम्सने तर १८९० मध्येच लिहून ठेवलंय की काही विसरभोळे लोक रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलायला खोलीत जातात, एकेक कपडा काढत जातात आणि शेवटी थेट अंथरुणात शिरतात, कारण रोज त्या हालचालींच्या शेवटी झोपायचंच असतं. आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावलीच काढली, गेल्या सहा महिन्यांत अशा बारीक चुका तुमच्या हातून किती वेळा झाल्या ते मोजायला.

टाचणी
मास्तर, पंचवीसपैकी तुमचे किती येतात?

मास्तर_निवृत्त
प्रश्न अप्रस्तुत आहे.

बरं, विषयापुरतं सांगतो. एकदा दोन्ही बूट व्यवस्थित होते, जोडाचे होते, पॉलिश केलेले होते. मोजा मात्र एकाच पायात. दुसरा संध्याकाळी खिशात सापडला. मधल्या वेळात मी तीन लेक्चरं घेतली आणि खिशातून काढून घाम बऱ्याच वेळा पुसला, एवढंच मला आठवतंय. रुमाल घरी टेबलावर होता.

चटकचांदणी
मास्तर!!!!!

धांदरट_नंबर_एक
धागा संपला. मास्तर जिंकले.

सुस्तावलेला
थांबा थांबा, मी अजून आहे. तुम्ही सगळे चुकीचं का होईना काहीतरी घालून निघालात. मी काहीच न घालता निघालोय.

पावसातून येऊन पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो, बुटांना हा एवढा चिखल. गाडी दोन दिवसांपूर्वीच आतून साफ करून घेतलेली. म्हटलं बूट काढून बसू, मग आत उचलून पिशवीत टाकू. काढले, दाराशेजारी नीट जोडीने ठेवले, बसलो, दार लावलं, गाणी लावली, निघालो. मित्राच्या घरापाशी पोचून दार उघडून पाय खाली टाकला तो थेट डबक्यात. मोज्यासकट. दोन मिनिटं मला कळेना की पाय इतका गार कसा लागतोय.

परत पार्किंगला गेलो तर बूट तिथेच होते, रिकाम्या जागेच्या मधोमध, तोंड गाडीच्या बाजूला, दोन्ही शेजारी शेजारी, जसा काही त्यातला माणूस उभ्या उभ्या वर उचलला गेला. एक आजोबा लांबून त्याच्याकडे बघत उभे होते. मी मोज्यांवर चालत गेलो, बूट घातले आणि निघालो. आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही.

अडगळ
उभ्या उभ्या उचलला गेला! अगदी डोळ्यासमोर आलं.

सिग्नल
मास्तरांना प्रचंड अनुमोदन आणि माझ्याकडून एक उपाय. जपानच्या रेल्वेत ड्रायव्हर आणि गार्ड नुसतं बघत नाहीत, प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून मोठ्याने बोलतात. सिग्नल हिरवा, बोट सिग्नलकडे. वेग इतका, बोट काट्याकडे. दारं बंद, बोट दारांकडे. शिसा कांको म्हणतात त्याला. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये तपासून बघितलं तर साध्या सोप्या कामातल्या चुका जवळजवळ ८५ टक्क्यांनी कमी झाल्या. कारण असं की डोळे, हात, तोंड आणि स्वतःचा कानावर पडलेला आवाज एवढं सगळं एका गोष्टीवर आलं की मेंदूला तंद्रीत जायला जागा उरत नाही.

तर दाराबाहेर पडताना खाली बोट: डावा काळा! उजवा काळा! मी गेली दोन वर्षं करतोय. एकदाही घोळ नाही. शेजारी माझ्याशी जरा कमी बोलतात, पण ते आधीपासूनही असेल.

टाचणी
आणि फोन कानाशी असला की? "सर चौदावी स्लाइड ठेवूया डावा काळा उजवा काळा."

सिग्नल
फोन ठेवायचा! तोच तर मुद्दा आहे ना.

पाऊलखुणा
थोडं अवांतर होतंय पण कुणाची तरी फजिती वाचेल. मी विसरले नव्हते, जपून ठेवले होते. चांगले फॉर्मल बूट, चार वर्षांत दोनदाच घातलेले, खोक्यात, कागदात गुंडाळून. मुलाखतीच्या दिवशी काढले, वरून नवेकोरे. इमारतीच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं की मागे काळा चुरा पडत येतोय. मला आधी वाटलं माझ्या पुढचा कुणीतरी सांडतोय. लिफ्टपाशी एका बुटाचा अख्खा तळ सुटून मागे राहिला आणि मी एक पाऊल पुढे.

पायपीट
@पाऊलखुणा, हे अवांतर नाही, हे आमच्या दुकानात दर महिन्याला येतं आणि लोक आमच्याशीच भांडतात. तुमचा सोल पॉलियुरेथेनचा असणार. हलका आणि मऊ म्हणून बऱ्याच बुटांना तोच असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत रासायनिकरीत्या तुटत जातो, वापरा नाहीतर वापरू नका. उलट नुसता ठेवलेला जास्त लवकर जातो, कारण चालताना दाबला जाऊन आतली ओल बाहेर पडते, ते होत नाही. त्यात बंद खोकं आणि ऊब असेल तर बघायलाच नको. म्हणून जपून ठेवू नका, अधूनमधून घाला. आणि मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी एकदा घरात घालून चार फेऱ्या मारा, अंगठ्याने सोल दाबून बघा, भेगा दिसल्या तर त्या भानगडीत पडू नका.

पाऊलखुणा
हे चार वर्षांपूर्वी कुठे होतात हो. नोकरी मिळाली पण. एकाच सोलवर मुलाखत दिली.

चटकचांदणी
मला एक विचारायचंय सगळ्यांना. लोक खरंच बघतात का? माझे पण दोनदा वेगळे जोड झालेत, कुणी अक्षर काढलं नाही. की काढत नाहीत पण बघतात? हे जास्त वाईट आहे.

मास्तर_निवृत्त
बोलू की नको असं झालंय मोज्यानंतर, पण हा प्रश्न माझ्या वाट्याचाच आहे. थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुलांना एका जुन्या गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालून बरोबरीच्या मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टीशर्ट असा की त्या वयात घालायची लाज वाटावी. बाहेर आल्यावर विचारलं, किती जणांनी बघितला असेल? त्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला होता. २००० साली छापून आलं हे. आपल्याला वाटतं आपल्यावर फोकस टाकलाय, पण समोरचा स्वतःच्याच टीशर्टच्या काळजीत असतो. आणि टीशर्ट तरी डोळ्यांसमोर असतो, बूट तर पार खाली.

टाचणी
पाव लोक म्हणजे चारातला एक. कोलांटी, मीटिंगला किती जण होते?

कोलांटी
आठ. थँक्यू हां टाचणी.

कोलांटी
अपडेट! सगळे किस्से वाचून धीर आला म्हणून आज समोरच्या डेस्कवरच्याला सरळ विचारलं, परवा माझ्यात काही वेगळं वाटलं का रे. बूट बिट काही बोलले नाही. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, मी विचारणारच होतो, तुला बरं नव्हतं का, की कुणी काही बोललं? म्हटलं का रे? तर म्हणे दिवसभर पाय पोटाशी घेतल्यासारखी आक्रसून बसली होतीस, पाण्याला उठली नाहीस, प्रेझेंटेशनमध्ये टेबल घट्ट धरून उभी होतीस, आम्हाला वाटलं चक्कर येतेय. बॉसने म्हणे एकाला मुद्दाम माझ्या मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, पडले तर धरायला.

म्हणजे बेलीज कुणीच बघितल्या नाहीत. लपवणं सगळ्यांनी बघितलं.

मग मी त्याला खरं सांगितलं. तो हसून हसून लाल झाला आणि आता अख्ख्या मजल्याला माहीत आहे.

निवांत_गोगलगाय
माझ्या लंगडण्याची आठवण झाली. आपण उगाच मेहनत घेतो.

सिग्नल
आणि बोट दाखवायचं काय? केलंत का?

कोलांटी
केलं ना आज सकाळी. दिवा लावला, फोन ठेवला, खाली बोट, डावा काळा, उजवा काळा, मोठ्याने. नवरा उठून बाहेर आला कोण आलंय बघायला. त्याला सगळं सांगावं लागलं. बूट बरोबर होते. लॅपटॉपची बॅग घरी राहिली.

खटपट्या
बॅगेकडे पण बोट दाखवायचं होतं.

ढब्बू
मी हा धागा मोबाइलवर वाचत वाचतच घराबाहेर पडले आत्ता. लिफ्टमध्ये आठवलं, खाली बघितलं. दोन्ही पाय मॅचिंग! एकाच जोडातले, डावा डाव्यात, उजवा उजव्यात, सोलसुद्धा शाबूत.

जोड नवऱ्याचा आहे. चालले परत वर.